चढणीवरची हाक

१

बातमी आली तो शनिवार होता. शाळा अर्धा दिवस. मी घरी येऊन भात लावला, मेजाखालची शेगडी पेटवली आणि नववीच्या मुलांचे विज्ञानाचे पेपर तपासायला बसलो. फेब्रुवारीचं ऊन होतं, उबदार दिसणारं पण ऊब नसलेलं. तिसरा पेपर हातात असताना फोन वाजला.

"मास्तर, मी इवाकुमांची सून. आबा गेले. आज सकाळी."

"त्रास झाला का?"

"नाही हो. चहा मागितला, मी करून आणेपर्यंत संपलं होतं. चहा गरमच होता." ती जराशी हसली, मग रडली. "मला सांगून ठेवलं होतं त्यांनी. म्हणाले, आधी मास्तरला कळव, मग बाकीच्या कावळ्यांना."

मी तिला धन्यवाद दिले. दोनदा दिले बहुतेक. फोन ठेवून मी उरलेले पेपर तपासले, सगळे. मग जेवलो. माझी बायको साचि जाऊन पाच महिने झाले होते, त्यामुळे बातमी सांगायला घरात कोणी नव्हतं.

इवाकुमा ब्याण्णव वर्षांचे होते. मी पंचावन्न. विसाव्या वर्षानंतरची पस्तीस वर्षं मला त्यांनी दिली. हे कृतज्ञतेनं म्हणतो आणि शब्दशः म्हणतो. पण खाणीत स्फोट झाला त्या दिवशी त्यांनी आणखी एक काम केलं. ते मी आजवर कागदावर लिहिलेलं नाही.

२

कुराकाके खाण आता बुजवली आहे. तिथे टेकडीसारखा दगडगोट्यांचा ढीग उरलाय आणि त्यावर झाडं आली आहेत. मी वीस वर्षांचा असताना त्या खाणीत चौदाशे माणसं उतरत होती. मी आठ महिन्यांचा नवखा. इवाकुमा कोळसा फोडायचे आणि मी त्यांच्या मागे राहून तो डब्यात भरायचो. येता-जाता मी त्यांच्या पट्ट्याला धरून चालायचो. नवख्यानं तसंच चालायचं असतं.

खाणीत तेव्हा दोन न्हाणीघरं होती असं नाही. न्हाणीघर एकच होतं, पण त्यात दोन हौद होते. दोन वर्षांपूर्वीच्या संपात युनियन फुटली होती. जे शेवटपर्यंत अडून राहिले ते डाव्या हौदात उतरत. जे आधी कामावर परतले ते उजव्या हौदात. पाणी एकाच नळाचं, तरीही. माझा थोरला भाऊ तात्सुओ परतलेल्यांपैकी. वहिनीचं पहिलं मूल त्या संपात दूध न मिळून गेलं होतं, त्यानंतर तो परतला. त्या दिवसापासून इवाकुमा त्याच्याशी बोलले नाहीत. लहानपणी ज्याला खांद्यावर घेऊन जत्रेला नेलं त्याचं नावही त्यांनी दोन वर्षं तोंडातून काढलं नाही.

मी संपानंतर आलेला. कुठल्याही हौदात उतरलो असतो, पण इवाकुमांचा माणूस म्हणून डाव्या हौदात उतरलो. पलीकडच्या हौदातून दादा मला साबण फेकायचा.

आणखी एक सांगायला हवं. खाणीत माणूस मेला की त्याला वर आणताना कोणीतरी स्ट्रेचरच्या बाजूनं चालतो आणि वाटेतली प्रत्येक जागा त्याला मोठ्यानं सांगतो. अमुक, पंपाची खोली आली. वर चढतोय हो. अमुक, वळण आलं. वर चढतोय. नाव घेऊन सांगायचं, खाणीच्या तोंडापर्यंत सांगायचं. नाहीतर मेलेल्याला कळत नाही की पाळी संपली. तो खालीच काम शोधत फिरतो. मी आठ महिन्यांत ही हाक दोनदा ऐकली होती. दोन्ही वेळा आवाज इवाकुमांचा होता. इतर बोलण्यापेक्षा तो वेगळा लागायचा, झोपलेल्या मुलाला उठवताना आई लावते तसा.

३

नोव्हेंबरातला मंगळवार, सकाळचे दहा. आम्ही चौथ्या डाव्या बोगद्यात होतो. खाणीत त्याला नुसतं चौथी डावी म्हणत, आणि वर जाताना आकडा कमी होत जायचा. आधी आवाज आला नाही, आधी कान बंद झाले. मग वारा उलटा फिरला. आठ महिने जो वारा माझ्या पाठीवर लागायचा तो तोंडावर आला, आणि त्याला जळक्या केसांचा वास होता.

धूळ बसली तेव्हा आम्ही सहा जण होतो. इवाकुमा. त्यांचा जुना जोडीदार शिगेमात्सु, ज्याचं तोंड कधी बंद नसायचं. मी. उजव्या हौदाचे दादा आणि हिदाका. आणि मुरोझोनो साहेब, आमच्या पाळीचे अधिकारी. चौतिसाव्या वर्षी साहेब झालेला, खाणशाळेत शिकलेला माणूस. खिशात दोन पेन्सिली, मनगटावर घड्याळ.

"सकाळी भातावर सूप ओतून कोण खाऊन आलं रे?" शिगेमात्सु म्हणाला. खाणीत उतरायच्या दिवशी तसं खात नाहीत.

मुरोझोनो साहेबांनी दिवा वर धरून हवा पाहिली. म्हणाले, "मुख्य उतार गेला. इथे मागे सरायचं, वायू अडवायला पडदा लावायचा, हवेची नळी उघडायची. नळीत दाब आहे. बचाव पथक येईपर्यंत हलायचं नाही."

"दाब किती वेळ राहील?" इवाकुमांनी विचारलं.

"राहील."

"किती वेळ?"

"इवाकुमा, नियम आहे. स्फोटानंतरच्या हवेत चालणारा माणूस शंभर पावलांत पडतो."

"मुख्य उतारात पडतो. मी जुन्या हवेच्या वाटेनं जाणार. ती कड्याच्या बाजूनं वर जाते, तिथे वारा अजून खेचतोय. हात लावून बघा."

"ती वाट नऊ वर्षं बंद आहे. तिचे खांब कुजलेत. मीच अहवाल दिलाय."

"त्यातले निम्मे खांब मी रोवलेत साहेब. तुम्ही पेन्सिल रोवलीत."

हे भांडण त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं. आता मी विज्ञान शिकवतो आणि दोघांची बाजू फळ्यावर मांडून दाखवू शकतो. तेव्हा कोणी हवेचा विचार केला नाही. प्रत्येकानं आपला हौद पाहिला. शिगेमात्सु इवाकुमांच्या मागे जाऊन उभा राहिला. हिदाका पडद्याचं कापड उलगडू लागला.

दादा मधे उभा होता. तो इवाकुमांकडे बघत होता. एक शब्द आला असता, नुसतं "ये" म्हटलं असतं, तर तो आला असता असं मला वाटतं. इवाकुमा पट्टा घट्ट करत राहिले. मग दादा पडद्याच्या बाजूला सरला आणि मला म्हणाला, "इसामु, इकडे ये."

माझा हात सवयीनं इवाकुमांच्या पट्ट्याकडे गेला होता.

"इकडे ये म्हणतोय ना. आईला काय सांगू मी?"

मी म्हणालो, "तुला साहेबांच्या हौदातलं पाणी मानवतं. मला नाही मानवत."

त्याचं तोंड दिव्याच्या उजेडात मला स्पष्ट दिसलं. आपल्या गळ्यातलं ओलं फडकं काढून त्यानं माझ्याकडे फेकलं, साबण फेकायचा तसं. मी ते नाकातोंडावर बांधलं आणि आम्ही तिघं निघालो.

४

जुन्या वाटेत उभं राहता येत नव्हतं. कुठे ओणवं, कुठे गुडघ्यांवर. इवाकुमांनी आमचे दिवे विझवायला लावले. एकच दिवा, त्यांचा, पुढे. त्यांच्या पट्ट्याला शिगेमात्सु, शिगेमात्सुच्या पट्ट्याला मी. माझ्या मागे काळोख.

वीसेक मिनिटं झाली असतील, तेव्हा माझा पट्टा मागे ओढला गेला.

बॅटरी खांबाला अडकली असेल. मी कंबर हलवली. ओढ तशीच राहिली. झटका नव्हता तो, वजन होतं. थकलेला माणूस धरतो तसं, सगळा भार न टाकता, लाजत. मी एक हात मागे नेऊन चाचपलं. बॅटरी कमरेच्या बाजूला जिथल्या तिथे होती. पाठीच्या मध्यापर्यंत हात नेला नाही. नेता आला असता.

हवा खराब आहे, मी स्वतःला सांगितलं. पाय जड झाले की सगळंच जड वाटतं. मी मोजत चढू लागलो. दहा हात चढलो की वजन क्षणभर सैल व्हायचं, आणि मी पुढे सरलो की पुन्हा लागायचं. कोणीतरी हात बदलत असावं तसं.

"इसामु," शिगेमात्सु पुढून म्हणाला, "काय रे, घरून काय खाऊन आलास? दोघांना ओढल्यासारखं वाटतंय."

"मी एकटाच आहे."

"ते मला दिसतंय का? हलका हो जरा."

इवाकुमा थांबले. त्यांनी दिवा मागे फिरवला नाही. एका खांबावर तळवा ठेवला, जणू त्याला ओळखत होते, आणि म्हणाले, "तिसरी डावी आली. वर चढतोय हो."

मला बरं वाटलं. कुठवर आलो ते कळलं. बरं वाटून चार हात चढल्यावर माझ्या लक्षात आलं की तो आवाज आम्हाला जागा सांगायचा नव्हता.

५

त्यानंतर शिगेमात्सुनं विनोद केला नाही. मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, माझा श्वास, आणि फडक्यातून गाळलेल्या कोळशाची चव. फडक्याला दादाच्या मानेचा वास होता. मागून श्वास येतोय का ते मी ऐकत होतो. येत नव्हता. श्वास येत नाही म्हणून कोणी नाही, असं मी मनाशी मांडलं. ते मांडून झाल्यावर भीती वाढली.

एके ठिकाणी पाणी ठिबकत होतं. तिथे इवाकुमा पुन्हा थांबले.

"तात्सुओ," ते म्हणाले. "दुसरी डावी आली. वर चढतोय आपण."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं होतं.

"काका," मी म्हणालो. "दादा खाली आहे. साहेबांबरोबर. पडद्यामागे बसलाय."

"हं."

"मग हाक कुणाला मारताय? ती हाक… ती हाक जिवंत माणसाला मारतात का?"

"इसामु, तोंड बंद ठेव. हवा खराब आहे."

"शिगेमात्सुकाका, सांगा ना त्यांना!"

शिगेमात्सु म्हणाला, "चल बाबा." आयुष्यात एवढं लहान वाक्य तो पहिल्यांदा बोलला असेल.

मी हातपाय आवरून बसलो. पुढे जाणार नाही म्हणालो. मला वाटत होतं, मी पुढे गेलो तर इवाकुमांचं म्हणणं खरं होईल. मी तिथेच बसलो तर दादा पडद्यामागे बसलेला राहील, हिदाकाच्या शेजारी, हवेच्या नळीपाशी, जिवंत.

इवाकुमा रांगत मागे आले. शिगेमात्सुला ओलांडून, माझ्यासमोर. दिवा त्यांनी हातानं झाकला होता, बोटांच्या फटींतून लाल उजेड येत होता. "पोरा," ते म्हणाले, "मी पण थकलोय. मला एकट्यानं दोघांना वर न्यायचंय. तू चाललास तर जमेल. तू बसलास तर दोघंही बसाल."

मी उठलो. माझा पट्टा मागे लगेच जड झाला.

६

पहिल्या डावीपाशी उजेड लागला. दिव्याचा नाही, खराखुरा. वरच्या भेगेतून आलेला, राखेच्या रंगाचा, पावलं दिसतील एवढाच. तिथे छप्पर उंच होतं. आम्ही उभे राहिलो.

इवाकुमा वळले. "पहिली डावी आली," ते म्हणाले. "तात्सुओ, संपत आलं. आता सपाट आहे." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, माझ्या डोक्याहून चार बोटं वर. दादा माझ्याहून तेवढाच उंच होता.

मी मागे वळून पाहिलं.

वाट जिथून वर येत होती तिथे खांबाला लागून एक जण उभा होता. चेहरा कोळशानं काळा, आमच्यासारखाच. दिवा विझलेला. तो चढत नव्हता, आणि मला बोलवतही नव्हता. भिंतीला अंग लावून त्यानं वाट मोकळी केली होती. लहानपणी दारात दोघं एकदम आलो की दादा असा बाजूला सरायचा, मला आधी जाऊ द्यायला. एवढंच पाहिलं. डोळ्यांत घाम आला, मी पुसला, आणि खांब तेवढा उरला.

पुढचं शंभर हात अंतर मी पट्टा न धरता चाललो. तोंडाशी आलो तेव्हा बाहेर ऊन होतं, माणसं होती, बायका होत्या, कुणीतरी ओरडत होतं. इवाकुमा खाणीकडे तोंड करून उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "बाहेर आलो. तात्सुओ, बाहेर आलो आपण. पाळी संपली."

माझ्या कमरेवरचं वजन गेलं. हलकं वाटलं. मग गर्दीत मला वहिनी दिसली. दिवस राहिलेले, हात पोटावर. ती माझ्या मागे कोण येतंय ते बघत होती.

७

दोन दिवसांनी बचाव पथक चौथ्या डाव्या बोगद्यात पोहोचलं. पडदा जागेवर होता, नळीतली हवा चालू होती. मुरोझोनो साहेब आणि हिदाका दोघंही जिवंत निघाले. इवाकुमांचं बरोबर होतं आणि साहेबांचंही बरोबर होतं. दोघांपैकी कुणाच्याही मागे जाऊन शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेला माणूस वाचला.

साहेबांना मी दवाखान्यात भेटलो. त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला.

"मी त्याला धरलं होतं," ते म्हणाले. "हिदाकानंही धरलं. म्हणाला, माझा धाकटा रागावून गेलाय, त्याला गाठतो आणि लगेच येतो. पडदा उचलून गेला. वीस पावलांवर पडल्याचा आवाज आला आम्हाला. बाहेर जाऊन आणला असता तर… मी जाऊ दिलं नाही हिदाकाला. मी नाही म्हणालो. माझा निर्णय."

"आम्ही गेल्यावर किती वेळानं?"

त्यांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं. "पंधरा मिनिटं. फार तर सोळा."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी एक जीव सांभाळला होता, आणि खोटं बोलले नव्हते.

स्फोटानंतरच्या वायूनं भ्रम होतात. रक्तात प्राणवायू कमी पडला की अंग जड होतं, नसलेलं दिसतं. हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो, आकृती काढून. शिगेमात्सुलाही वजन लागलं होतं, पण त्यानंही तीच हवा घेतली होती. इवाकुमांनी हाक का मारली याचंही उत्तर आहे. म्हातारा अनुभवी माणूस, दादाचा स्वभाव ओळखणारा, तो मागून निघणार हे त्यांनी ताडलं असेल. हे सगळं जुळतं. मी ते कितीदा तरी जुळवून पाहिलंय.

दादाचं शरीर मुख्य उतारानं वर आणलं तेव्हा कोणीतरी बाजूनं चालत जागा सांगायला पुढे झालं. इवाकुमांनी त्याला थांबवलं. "त्याला कशाला शिणवता," म्हणाले. "तो कधीच वर आलाय."

त्या संध्याकाळी ते उजव्या हौदात उतरले. पुढच्या आठवड्यात लोक जागा असेल त्या हौदात उतरू लागले.

८

गेल्या सप्टेंबरात साचि गेली ती दवाखान्याच्या सहाव्या मजल्यावर. तिला खाली नेताना लिफ्टमध्ये एक तरुण परिचारिका आणि मी होतो. पाचवा आकडा लागला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप आलं, "साचि, पाचवा मजला आला. घरी जातोय आपण." परिचारिकेनं माझ्याकडे पाहिलं. मी चौथा सांगितला, तिसरा सांगितला. दुसऱ्या मजल्यावर तिनं मान खाली घातली आणि गाडीच्या दांडीवरची पकड सैल केली, जणू घाई करायची नाही. रस्त्यावरचे चौकही मी सांगितले. नदीवरचा पूल सांगितला. काय करायचं ते मला माहीत होतं. त्या दिवसांत मला एवढी एकच गोष्ट येत होती आणि ती मला इवाकुमांनी शिकवली होती. हे उपकार मी त्यांना तोंडानं सांगितले. ते नुसते हं म्हणाले आणि माझ्यासमोर मुळ्याच्या लोणच्याची वाटी सरकवली.

शनिवारी संध्याकाळी नोरिएला फोन केला. दादाची मुलगी, त्याच्यामागे चार महिन्यांनी झालेली. आता चौतीस वर्षांची.

"येते मी," ती म्हणाली. "उद्याची पहिली गाडी पकडते. काका, एक विचारू? इवाकुमाआबा मला लहानपणी म्हणाले होते, तुझा बाप आमच्याबरोबर चालत वर आला. आई त्यावर काही बोलायची नाही. म्हणजे काय हो? तो तर खाली सापडला ना?"

"ये तू. बोलू."

"आणि तो सुरक्षित होता म्हणतात. पडद्यामागे. मग बाहेर कशाला गेला?"

"ये, नोरिए. सावकाश बोलू."

ती आली. आम्ही दोघांनी इवाकुमांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. नव्वदीच्या घरातला शिगेमात्सु चाकाच्या खुर्चीतून आला होता. त्यानं तिला बघून विचारलं, "तात्सुओची ना? नाक त्याचंच. बाकी नशिबानं आईचं." ती खूप हसली. रात्री माझ्याकडे जेवलो. मी तिला जुन्या वाटेचं सांगितलं, पट्ट्याचं वजन सांगितलं, पहिल्या डावीपाशी भिंतीला लागून उभा राहिलेला माणूस सांगितला. ती रडली. मग माझे हात धरून म्हणाली, मी आबांची आभारी आहे, आणि तुमची.

सोमवारी सकाळी मी तिला स्टेशनवर सोडलं. दादा पडद्याबाहेर का आला आणि त्याआधी मी त्याला काय बोललो होतो, ते मी तिला सांगितलं नाही.